शून्य आणि रिकामी जागा

“तुम्ही नक्की काय काम करतां?” हा प्रश्न मला वर्षांतून चार-सहा वेळां तरी ऐकावा लागतो. लग्नाच्या पंगतींत शेजारीं बसलेले गृहस्थ तो विचारतात, आगगाडींत समोरच्या बाकावरचे प्रवासी विचारतात, आणि माझें उत्तर ऐकून बहुतेकांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची सभ्य निराशा पसरते. ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द आतां सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. पण त्या शब्दाच्या आंत बसून माणूस दिवसभर काय करतो याची कल्पना फार थोड्यांना असते. एका मावशींनीं तर मठ्ठ्याचा पेला खालीं ठेवून आपला बिघडलेला प्रिंटर दुसऱ्या दिवशीं माझ्या घरीं पाठविण्याचें तेथल्या तेथें ठरवून टाकलें! त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. सुताराला आपण केलेलें टेबल दाखवितां येतें, शिक्षकाला आपले विद्यार्थी दाखवितां येतात. गेल्या वीस वर्षांत मीं केलेल्या कामापैकीं हातांत उचलून दाखवितां येईल अशी एकही वस्तु माझ्यापाशीं नाहीं.

खरें सांगावयाचें तर माझा दिवस लिहिण्यापेक्षां वाचण्यांतच अधिक जातो. दुसऱ्या कोणीं तरी, पुष्कळदां नोकरी सोडून गेलेल्या माणसानें, दहा वर्षांपूर्वीं लिहून ठेवलेला प्रोग्रॅम मी ओळीओळीनें वाचतों आणि तो कोठें चुकतो हें शोधतों. हिंजवडीच्या ज्या इमारतींत मी हें करतों तिच्या खिडक्या उघडत नाहींत. कांचेपलीकडे पाऊस कोसळत असला तरी त्याचा आवाज आंत येत नाहीं, मातीचा वास येत नाहीं. बाहेर पाऊस आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मान वळविण्याऐवजीं हातांतल्या फोनकडे पाहणारे लोक मीं पाहिले आहेत, आणि मीही त्यांतलाच एक आहें. संध्याकाळीं खालीं उतरावें तों रस्त्याचा ओढा झालेला असावा, वाकडच्या पुलापर्यंत मोटारींची रांग लागलेली असावी, आणि मग आपल्याला कळावें कीं आज दुपारभर पाऊस पडत होता!

कांहीं वर्षांपूर्वीं एका लहान शहराच्या पाण्याच्या मीटरांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम आमच्याकडे दुरुस्तीला आला. तक्रार मोठी गमतीची होती. त्या शहरांतील पाण्याचा सरासरी वापर एका महिन्यांत एकदम खालीं आला होता, आणि नागरिक काटकसर करूं लागले म्हणून कांहीं मंडळी आनंदांत होती. पण पाणी सोडणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र जुळत नव्हता. दोन दिवस शोध घेतल्यावर चूक सांपडली. रस्ते खोदलेले असल्यामुळें एका प्रभागांत मीटर वाचणारा माणूस त्या महिन्यांत गेलाच नव्हता. त्यानें प्रामाणिकपणें त्या घरांपुढील जागा रिकाम्या सोडल्या होत्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला रिकाम्या जागा आवडल्या नसाव्यात; त्यानें त्या सर्वांत शून्य भरण्याची सोय करून ठेविली होती! झालें; शेंकडों कुटुंबें महिनाभर पाण्यावांचून राहिलीं असा निष्कर्ष निघाला.

आमच्या धंद्यांत नव्या मुलांना जें पहिल्या वर्षांतच घोकावें लागतें तें हें, कीं शून्य आणि रिकामी जागा एक नव्हेत. शून्य म्हणजे कोणीं तरी जाऊन पाहिलें आणि तेथें कांहीं नव्हतें. रिकामी जागा म्हणजे कोणी पाहायला गेलेंच नाहीं. बेरीज करतांना दोहोंत फरक दिसत नाहीं; सत्य शोधतांना मात्र या फरकावरच सारें अवलंबून असतें. मला स्वतःला हा धडा नोकरींत घोकावा लागला नाहीं. तो मीं लहानपणींच घरांत, सदाशिव पेठेंतल्या वाड्याच्या अंगणांत शिकलों होतों. आणि तो ज्यांनीं शिकविला त्यांना संगणक उघडतांही येत नाहीं.

आमचे अण्णा एका बँकेंत नोकरीला होते. १ जून १९८४ पासून ते रोज सकाळीं साडेआठ वाजतां पाऊस मोजीत आले आहेत. त्यांचें यंत्र म्हणजे सरळ भिंतींची एक कांचेची बरणी, तिच्या तोंडाएवढेंच तोंड असलेलें नरसाळें, आणि बाहेरून चिकटविलेली मिलिमीटरांची पट्टी. बरणीच्या भिंती सरळ असल्या आणि तिच्या तोंडाइतक्याच जागेवरचें पाणी आंत आलें, म्हणजे आंतल्या पाण्याची उंची तीच पावसाची उंची. निराळें गणित करावें लागत नाहीं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हें आम्हां भावंडांना पाढ्यांबरोबर पाठ झालें होतें. साडेआठची वेळही त्यांच्या लहरीची नव्हे. हवामानखातें देशभर चोवीस तासांचा पाऊस सकाळीं साडेआठलाच मोजतें, म्हणून अण्णांचीही वेळ तीच.

या छंदाचें मूळ पानशेतच्या पुरांत आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचेंही टिकलें नाहीं, आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. अण्णा तेव्हां आठ वर्षांचे होते. त्यांचें घर नारायण पेठेंत होतें. आजोबांचें पुस्तकांचें कपाट पाण्यांत गेलें. पुढें कितीतरी दिवस ओलीं पुस्तकें रस्त्यावर उन्हांत मांडलेलीं होतीं, आणि पानें एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या, असें अण्णा सांगत. पण त्यांच्या बालमनांत घर करून राहिली ती दुसरीच गोष्ट. पुरानंतर वडील मंडळी ओट्यावर बसून त्या आठवड्यांत पाऊस किती पडला यावर वाद घालीत. प्रत्येकाचा आंकडा निराळा, प्रत्येकाची खात्री सारखीच, आणि लिहून ठेवलेलें मात्र कोणींच नव्हतें.

पावसाळ्यांत पाऊस मोजणारे हौशी लोक पुण्यांत आणखीही असतील. अण्णांचें वैशिष्ट्य हें कीं ते मार्च महिन्यांतही मोजीत. आभाळांत ढगाचा ठिपका नसतांना ते साडेआठला अंगणांत जात, कोरडी बरणी उचलून उजेडाकडे धरीत, आंतील धूळ पुसून ती जागेवर ठेवीत, आणि वहींत तारीख घालून लिहीत: ०.०. मीं एकदां त्यांना विचारलेंही होतें, “पाऊस नाहीं हें घरांत बसूनच दिसतें, मग बघायला कशाला जातां?” त्यावर ते म्हणाले, “अरे, नाहीं हें दिसत नसतें. तें पाहावें लागतें.” मी तेव्हां दहा वर्षांचा होतों. मला वाटलें, अण्णांनीं नेहमींप्रमाणें मला गप्प बसविलें.

ते परगांवीं गेले कीं नोंद आई करी. तिचें अक्षर गोल, आणि शाई हटकून निळी. तिला नुसतें शून्य लिहून चैन पडत नसे. ती पुढें लिही, “०.०, पण आभाळ आलें होतें.” अण्णा परत आल्यावर वही पाहत आणि म्हणत, “आभाळ मोजायचें नसतें.” आई म्हणे, “मोजलें कोठें? नुसतें लिहिलें.”

पुढें १९९८ सालीं वाडा पडून तेथें इमारत उभी राहिली आणि बरणी अंगणांतून गच्चीवर गेली. त्या वर्षाच्या वहींत लाल शाईनें एक ओळ आहे: “येथून पुढील नोंदी गच्चीवरच्या आहेत. उंचीवर वारा अधिक असल्यानें पाणी कमी सांठतें. पूर्वींच्या नोंदींशीं तुलना करतांना हें ध्यानांत घ्यावें.” ही सूचना ते कोणाला देत होते कोण जाणे! त्या वह्या आमच्या घरांत दुसऱ्या कोणी उघडीत नव्हतें.

मी मात्र मोठा होऊन संगणकाच्या धंद्यांत पडलों आणि हवामानाविषयीं पुस्तकें वाचूं लागलों, तेव्हां मला अण्णांच्या बरणीचें गोत्र कळलें. आपण पुणेकर ‘सिमला ऑफिस’ या चौकांतून शेंकडों वेळां जातों. सपाटीवरच्या या शहरांत सिमल्याचें नांव कोठून आलें हें क्वचितच मनांत येतें. हिंदुस्थानच्या हवामानखात्याची स्थापना १८७५ सालची. त्याचें मुख्य ठाणें सिमल्यास होतें, तें १९२८ सालीं पुण्यास आलें, आणि १९४४ सालीं दिल्लीस गेलें. ठाणें गेलें, नांव मात्र चौकाला चिकटून राहिलें. याच खात्याचे प्रमुख म्हणून १९०४ सालीं गिल्बर्ट वॉकर नांवाचे केंब्रिजचे गणिती हिंदुस्थानांत आले होते. यंदा पाऊस कसा होईल हें आधीं सांगतां यावें म्हणून त्यांनीं जगभरच्या ठिकाणांच्या हवेच्या दाबाचे आंकडे गोळा केले आणि त्यांचा आपल्या पावसाशीं कांहीं संबंध लागतो का, हें ते वर्षानुवर्षें तपाशीत राहिले. तेव्हां यंत्रें नव्हतीं. सारी आंकडेमोड हाताखालचे कारकून कागदावर करीत. त्यांतून प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांवरील दाबांचा झोपाळा त्यांच्या हातीं लागला. आज आपण वर्तमानपत्रांत ‘एल निनो’विषयीं जें वाचतों त्याच्याशीं या शोधाचा जवळचा संबंध आहे. पण मला मोठें कौतुक वाटलें तें मागच्या अनामिक माणसांचें. मामलेदार कचेरीच्या आवारांतील पर्जन्यमापकापाशीं रोज सकाळीं जाऊन, पाऊस नसेल तेव्हां शून्य लिहिणारे कारकून नसते, तर वॉकरसाहेबांनीं गणित कशाचें केलें असतें?

दुसरी गोष्ट लुइस रिचर्डसन यांची. पहिल्या महायुद्धांत हा इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्समध्यें जखमी सैनिकांना नेणाऱ्या गाडीवर काम करीत होता. दोन खेपांच्या मधल्या वेळांत त्यानें एक अचाट उद्योग आरंभिला: नुसत्या गणितानें हवेचें भाकीत करावयाचें. त्यासाठीं त्यानें २० मे १९१० हा होऊन गेलेला दिवस निवडला. सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल हें काढण्यासाठीं त्याला सहा आठवडे हातानें आंकडेमोड करावी लागली. उत्तर आलें १४५ मिलिबार. प्रत्यक्षांत त्या दिवशीं दाब जवळजवळ हललाच नव्हता! धांवपळींत हस्तलिखितही हरवलें, तें कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. रिचर्डसननें १९२२ सालीं ग्रंथ छापला, तेव्हां आपलें हें साफ चुकलेलें उत्तर त्यानें पुरतेंपणीं त्यांत घातलें. त्या चुकलेल्या उत्तराच्या पायावर पुढचें सारें शास्त्र उभें राहिलें. आज पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंत २०२४ सालीं बसविलेला ‘अर्क’ नांवाचा महासंगणक सेकंदाला ११ हजार लाख कोटींहून अधिक गणितें करतो, आणि २०२५ च्या मेपासून सहा सहा किलोमीटरांचे चौकोन पाडून देशाचा अंदाज वर्तविला जातो. अण्णांना मीं हें उत्साहानें सांगितलें. ते म्हणाले, “सहा किलोमीटरांत सदाशिव पेठ आणि कोथरूड दोन्ही आलीं. पण पाऊस कोथरूडला पडतो आणि आमच्या बरणींत थेंब नसतो, त्याचें काय?”

२०२४ च्या दिवाळींत माझ्या मनांत आलें कीं अण्णांच्या नोंदींना चाळीस वर्षें झालीं. त्या सर्व संगणकावर उतरवाव्यात, त्यांचे आलेख काढावेत, आणि छापून त्यांना भेट द्यावेत. आई २०११ सालीं गेली. तेव्हांपासून अण्णा पेठेंत एकटेच राहत होते आणि आम्ही बावधनला. “माझी बरणी येथें आहे,” या एका वाक्यावर त्यांनीं आमच्याकडे येण्याचें दर वेळीं नाकारलें होतें. मी रविवारीं जात असें. नंतर एका आड एका रविवारीं. आणि पुढें पुढें फोन करून ‘ठीक आहां ना?’ असें विचारीत असें. ते ‘ठीक’ म्हणत, आणि मीं तें ‘ठीक’ मनांत लिहून घेतलें.

चाळीस वह्या दोन पिशव्यांतून बावधनला आल्या. रोज रात्रीं तासभर मुलगी आंकडे वाची आणि मी ते संगणकांत घालीं. चौदा हजारांहून अधिक नोंदी. त्यांतलीं दहा हजारांहून अधिक नुसतीं शून्यें! हिवाळ्याच्या महिन्यांत मुलीचा स्वर एखाद्या जपासारखा लागे: शून्य, शून्य, शून्य. मध्येंच थांबून ती एकदां म्हणाली, “बाबा, आजोबा रोज हें शून्य आणायला खालीं जात?” शून्य आणायला! मला तो शब्दप्रयोग फार आवडला.

आई गेली तो दिवस फेब्रुवारींतला. त्या पानाशीं आलों तेव्हां मीं मुलीच्या हातून वही घेतली. नोंद होती: ०.०. वेळ साडेआठ. आई पहांटे गेली होती; मंडळी जमत होतीं; आणि हा माणूस बरणी उजेडाकडे धरून उभा होता! क्षणभर माझ्या मनांत तोच राग आला, जो त्या दिवशींही आला होता. कारण त्यांना जिन्यानें वर जातांना मीं पाहिलें होतें. पण पुढचीं पानें चाळतांना एक गोष्ट दिसली. त्या जूनपासून अण्णांच्या नोंदींपुढें कोठें कोठें चार शब्द दिसूं लागले. “०.०. आभाळ आलें होतें.” “०.०. सायंकाळीं वारें.” आधींच्या सत्तावीस वर्षांत त्यांनीं असलें एक अक्षर लिहिलें नव्हतें.

आंकडे घालून झाल्यावर मीं माझ्या धंद्याच्या संवयीप्रमाणें तपासणीचा एक लहान प्रोग्रॅम लिहिला. एकच तारीख दोनदां आली, एखादी गळली, किंवा महिन्याची बेरीज जुळली नाहीं, तर त्यानें तें दाखवावें. पहिल्या अडतीस वर्षांत त्यानें जें दाखविलें तें सारें माझ्याच टंकलेखनाचें पाप निघालें. अण्णा बँकेंतले, चूक झाली तर ते ती खोडीत नसत, वर एक रेघ मारून बाजूला सही करीत. पण २०२२ च्या पावसाळ्यापासून पडद्यावर तांबड्या ओळी वाढूं लागल्या. एकाच दिवसाची नोंद लागोपाठ दोनदां, तोच आंकडा, तीच वेळ. मग आठवड्यांतून एकदां. मग तीन तीनदां. २०२४ च्या सप्टेंबरांत एका महिन्यांत चाळीसहून अधिक नोंदी होत्या.

चूक सांपडली कीं आम्हां लोकांना आनंद होतो. तसा तो मलाही झाला, आणि तो दोन-तीन मिनिटें टिकला, हें येथें लिहून ठेवलें पाहिजे. दोन वर्षांत किती, महिन्यागणिक किती, असा आलेखही मीं काढला. रेघ वर वर चढत गेलेली पाहिली. आणि मग मला एकदम कळलें कीं आपण पावसाचा आलेख पाहत नाहीं. त्या दोन वर्षांत मीं अण्णांना कितीदां भेटलों होतों? फोनवरच्या माझ्या सगळ्या ‘ठीक’ नोंदी मला आठवल्या. तीं शून्यें नव्हतीं. त्या रिकाम्या जागा होत्या आणि मीं त्यांत शून्यें भरलीं होतीं.

दुसऱ्या दिवशीं मी कचेरीला न जातां पेठेंत गेलों. काय बोलावें हें ठरवितां ठरवितां अर्धा तास गेला. शेवटीं अण्णाच म्हणाले, “वह्या तपासल्यास ना? दुबार नोंदी सांपडल्या असतील.”

मीं मान हालविली.

“मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “गच्चीवरून खालीं येतों आणि लिहिलें कीं नाहीं तें आठवत नाहीं. वही पाहिली तर ती ओळ आजची कीं कालची याचा भरंवसा वाटत नाहीं. मग मीं ठरविलें, शंका आली कीं पुन्हां लिहायचें. दोनदां लिहिलेलें पुढें कोणी तरी काढून टाकील. राहून गेलेलें कोण भरणार?”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलों. आमच्या धंद्यांत एका संगणकानें दुसऱ्याला निरोप पाठविला कीं त्याची पोंच यावी लागते. पोंच वाटेंत हरवली तर पाठविणाऱ्याला कळत नाहीं कीं निरोप पोंचला कीं नाहीं. अशा वेळीं जाणते लोक एकच नियम सांगतात: निरोप पुन्हां पाठवावा, दुबार निरोप गाळण्याचें काम घेणाऱ्यानें करावें. हा नियम आम्हीं मोठमोठ्या ग्रंथांतून शिकलों. अण्णांनीं तो विसरत जाणाऱ्या मनाला बांध घालण्यासाठीं गच्चीच्या जिन्यावर एकट्यानें शोधून काढला होता.

डॉक्टरांनीं त्यांना घड्याळाची तबकडी काढायला सांगितली, आणि कांहीं शब्द सांगून पांच मिनिटांनीं विचारले. तबकडी ठीक आली; शब्द आले नाहींत. स्मृतिभ्रंशाची ही सुरुवात आहे, असें निदान झालें. त्यापुढचें सर्व वाचकांपैकीं ज्यांच्या घरांत घडलें आहे त्यांना मीं सांगावयास नको, आणि ज्यांच्या घरांत घडलें नाहीं त्यांना सांगून समजणार नाहीं.

धंद्याचा गुण जात नाहीं. मीं प्रथम एक स्वयंचलित पर्जन्यमापक विकत आणला. त्याच्या आंत एक लहानसें दुतोंडी पन्हाळें असतें. एक बाजू भरली कीं तें कलतें, पाणी सांडतें, आणि दर कलण्याची नोंद आपोआप फोनवर येते. अण्णांनीं तें निरखून पाहिलें आणि विचारलें, “नरसाळ्यांत पान अडकलें तर हें काय सांगेल?”

“शून्य,” मी म्हणालों.

“आणि पाऊस नसला तर?”

“शून्यच.”

ते कांहीं बोलले नाहींत. यंत्र अजून गच्चीवर आहे आणि चांगलें चालतें. पण अण्णांचा प्रश्न बरोबर होता. अशा मापकांची हीच उणीव जाणकारही सांगतात, आणि म्हणून माणसानें अधूनमधून जाऊन तें पाहावें लागतें.

२०२५ च्या मे महिन्यांत बावधनचें घर भाड्यानें देऊन आम्ही पेठेंत राहायला आलों. सोईचें झालें असें म्हणवत नाहीं. हिंजवडी दूर पडते, मुलीची शाळा बदलावी लागली, आणि तीन खोल्यांत चार माणसें व दोन घरांचीं पुस्तकें मावत नाहींत. त्यांत त्या वर्षीं मान्सूननें घाई केली. तो केरळांत २४ मे रोजीं, म्हणजे नेहमींपेक्षां आठ दिवस आधीं आला, आणि २६ तारखेला पुण्यांत पोंचला. आमच्या पुस्तकांचीं खोकीं टेंपोंतून उतरतांना भिजलीं. अण्णांनीं तीं पुस्तकें जिन्याच्या कठड्यावर पसरलीं आणि प्रत्येकाचीं पानें हलक्या हातानें सुटीं करीत ते सारी दुपार बसले होते. मला त्यांनीं दोनदां विचारलें, “पाणी कितीपर्यंत आलें होतें?” कोणत्या पाण्याविषयीं ते विचारीत होते तें मीं विचारलें नाहीं.

आतां सकाळीं साडेआठला आम्ही गच्चीवर जातों. कधीं मी, कधीं मुलगी, अण्णा बहुधा रोज. पेठेंतलीं छपरें जाऊन भोंवतीं उंच इमारती झाल्या आहेत. त्यांच्या मधून पर्वतीचा थोडासा भाग दिसतो. खालीं दूधवाला, शाळेची रिक्षा, मेट्रोकडे धांवणारीं माणसें असा गलका चालू असतो. वीस वर्षें ज्या आभाळाखालून मी ये-जा केली तें रोज एकदां तरी मान वर करून पाहण्याची वेळ माझ्यावर आतां आली आहे. अण्णा बरणी उजेडाकडे धरतात. आंकडा अजून बिनचूक वाचतात. वार मात्र विचारतात, आणि सांगितल्यावर पुन्हां विचारतात. तपासणीच्या प्रोग्रॅममध्यें मीं एक बदल केला आहे. दुबार नोंद आली तर बेरजेंत ती एकदांच धरावी. पण दुसरी ओळ पुसूं नये, जशी आहे तशी ठेवावी, असें मीं त्याला सांगितलें आहे.

काल आभाळ अगदीं निरभ्र होतें. मी गच्चीवरून उतरून नोंद केली आणि कामाला लागलों. संध्याकाळीं वही उघडली तेव्हां पाहिलें, कालच्या तारखेला दोन ओळी आहेत. एक माझ्या अक्षरांतली, तिच्याखालीं दुसरी अण्णांच्या. दोहोंतही शून्यच आहे.